म्युझियम नव्याने हाती आलंय? आधी एवढंच कर

मायक्रोबायोलॉजी विभागाचं, विद्यार्थ्यांना जंतू आणि नमुने दाखवायचं म्युझियम तुझ्याकडे आलं, छान झालं. पण लगेच शंभर बरण्या मांडायच्या मागे लागू नकोस. वीसच ठेव, पण प्रत्येकीपुढे विद्यार्थी थांबला पाहिजे.

- जिवंत कल्चर (प्लेटमध्ये वाढवलेले जंतू) शेल्फवर अजिबात नको. नवखे इथेच चुकतात. प्लेटच्या झाकणात फॉर्मॅलिनने भिजवलेला फिल्टर पेपर ठेवून जंतू मारायचे (फ्यूम हुडमध्येच, म्हणजे वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात), पुन्हा कल्चर लावून ते मेल्याची खात्री करायची, मगच सील. ऑटोक्लेव्ह केलंस (दाबाखालच्या वाफेने तापवलंस) तर प्लेटमधलं आगर, म्हणजे जंतू वाढवायची जेली, वितळेल आणि मॅकॉन्की आगरवरच्या ई. कोलाय जंतूच्या गुलाबी वसाहती दाखवायला उरणारच नाहीत.
- जंत, हायडॅटिड सिस्ट (फीतकृमीच्या अळीमुळे अवयवात होणारी पाण्याची गाठ) 10% फॉर्मॅलिनमध्ये. झाकणं पावसाळ्याआधी तपास.
- लेबलं लॅमिनेट कर. आपल्याकडच्या दमट हवेत साध्या कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

लेबलवर नुसतं नाव नको, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लेप्टोस्पायराच्या (चिखल-पाण्यातून, त्वचेच्या भेगांतून शरीरात शिरणारा जंतू) चित्राशेजारी लिही: 'भातलावणीला अनवाणी चिखलात उतरलेली बाई. ताप, लाल डोळे, पोटऱ्या हात लावू देत नाहीत. कोणती तपासणी कराल?' उत्तर कार्डाच्या मागे. चौकशी करताना पायाच्या भेगा बघायच्या असतात, हे पोरांना तिथेच कळतं.

माकडतापाचा (गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूजन्य ताप, KFD) कोपरा तर हवाच. 2016 पासून सिंधुदुर्गात त्याचे रुग्ण सापडताहेत. गोचीड भिंगाखाली ठेव, मुलं आपणहून वाकून बघतील.

स्टेनिंगचे (स्लाइडवरचे जंतू रंगवण्याचे) बारकावे, कॅटलॉग वगैरे पुढच्या वर्षी बघू.