वाचक विचारतात : मूळ सिरीज आधी बघू का थेट स्पिनऑफ?

प्रश्न : दादा, रूममेट रोज रात्री गंडम या जपानी रोबोवाल्या ॲनिमेची स्पिनऑफ '०८ एमएस टीम' लावतो. मला रोबोंचं काही पडलेलं नाही पण ती जंगलातली लढाई बघत बसलो आणि अडकलोच. आता ग्रुपवर सगळे म्हणतायत की आधी १९७९ ची मूळ सिरीज बघ, ४३ एपिसोड! बघायलाच लागेल का?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : अजिबात नाही, सुरू केलीयेस तर संपव. एवढंच डोक्यात ठेव, एका बाजूला पृथ्वीची फेडरेशन, दुसरीकडे अंतराळातल्या वसाहतींमधून फुटून निघालेलं झिऑन, आणि युद्ध वर्षभराचं, म्हणून नावच वन इयर वॉर. सुरुवातीच्या काही आठवड्यांतच निम्मी माणसं मेलीयेत. शेवटी फेडरेशन जिंकते, आणि हा स्पॉयलर नाही बरं का, या स्पिनऑफची मजाच ती आहे, कोण जिंकणार ते माहितीये म्हणून आपण बघतो ते त्या एका तुकडीतलं कोण घरी परत जाणार.

मूळ सिरीजचा हीरो आमुरो म्हणजे एकटा सगळं फिरवणारा, इथला शिरो अमाडा साधा तुकडीप्रमुख, आग्नेय आशियाच्या चिखलात पोरांना घेऊन फिरणारा. गंडम म्हणजे आत बसून चालवायचा लढाऊ रोबो, त्यांची गंडमसुद्धा मूळ गंडमच्या उरलेल्या पार्ट्समधून केलेली, आणि शिरोची फुटते तेव्हा तळावर मिळेल ते लावून पुन्हा उभी करतात, आपल्या नाना पेठेत जुन्या पार्ट्सवर गाडी चालू करून देतात ना तसं. मला हा भाग लव्हस्टोरीपेक्षा जास्त आवडतो. शिरो आणि शत्रूकडची आयना हे प्रकरण जरा फिल्मीच आहे, पण असो. १२ एपिसोड १९९६ ते ९९ असे रखडत आले, मधेच दिग्दर्शक ताकेयुकी कांदा वारले आणि उमानोसुके ईदा यांनी पुढचं काम केलं. नंतर मूळ गोष्ट बघावीशी वाटलीच तर १९८१-८२ चे तीन सिनेमे आहेत, ४३ एपिसोडमधूनच जुळवलेले, तेवढे बास.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. गंडमच्याच 'वॉर इन द पॉकेट'चा हीरो शाळकरी मुलगा आहे असं कळलं, म्हणजे लहान मुलांचंच ना? एकट्याला लावून देऊ का?
– एक आई, सिंहगड रोड

उत्तर : ताई, एकट्याला नको. फक्त सहा एपिसोड आहेत, १९८९ चे, फुमिहिको ताकायामा यांनी केलेले, आणि मूळ सिरीज करणारे तोमिनो दिग्दर्शक नसलेलं हे पहिलं गंडम. अल नावाचा पोरगा तटस्थ वसाहतीत राहतो, त्याला युद्ध म्हणजे भारी गंमत वाटते, मग झिऑनचा एक नवखा सैनिक बर्नी त्याचा दोस्त होतो आणि शेजारची ताई निघते फेडरेशनची पायलट. पुढचं सांगत नाही. तुम्ही आधी बघा, मग वाटलं तर मुलाबरोबर बसून दाखवा, आणि शेवटच्या एपिसोडनंतर लगेच झोपायला पाठवू नका, त्याला बोलायचं असेल.

प्रश्न : गंडमच्या प्लास्टिक मॉडेलच्या किटला गोंद कोणता?
– पौड रोड

उत्तर : गोंद लागतच नाही, तुकडे दाबले की बसतात. तुकडे फ्रेममधून कापायला एक बारीक निपर (छोटी कटर-पकड) घ्या, नेलकटरने तोडलं तर कडा पांढऱ्या पडतात. पहिलं किट १/१४४ चं, म्हणजे १४४ पट लहान, घ्या, १८ मीटरची गंडम साडेबारा सेंटिमीटरची होते, टेबलावर मावते.