चौघींच्या नावेतली जागा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. निवड चाचणीत एकेरी कयाक, म्हणजे एकटीने वल्हवायची अरुंद शर्यतीची नाव, हुकली आणि तुला चौघींच्या नावेत तिसऱ्या जागेवर बसवले, याचे दुःख तू माझ्यापासून लपवले नाहीस, हे बरे केलेस. 'आता माझे स्वतःचे असे काय राहिले?' हा तुझा प्रश्न वाचला आणि तुला जर्मन कयाकपटू बिर्गिट फिशरबद्दल लिहावे असे वाटले.

हाफेल नदीकाठच्या ब्रांडेनबुर्ग शहरात 1962 साली जन्मलेली ही मुलगी 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीकडून उतरली आणि अठराव्या वर्षी तिने एकेरी 500 मीटरचे सुवर्णपदक जिंकले. चार वर्षांनी ती ऐन भरात असताना तिच्या देशाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला आणि काहीही चूक नसताना तिचे एक ऑलिंपिक बुडाले. सोलला 1988 मध्ये ती परतली, तेव्हा एकेरीत बल्गेरियाच्या वान्या गेशेवाने तिला मागे टाकले. त्याच स्पर्धेत दोघींच्या आणि चौघींच्या नावेत मात्र तिने सुवर्ण मिळवले. पुढे तिचा देशच नकाशावरून गेला. त्या राजवटीची क्रीडायंत्रणा मी तुला आदर्श म्हणून सांगत नाही. पण तिच्या आठ ऑलिंपिक सुवर्णांपैकी पाच ती यंत्रणा कोसळल्यानंतरची, एकत्रित जर्मनीसाठी मिळवलेली आहेत, हे ध्यानात घे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. त्या आठ सुवर्णांपैकी एकेरीतली फक्त दोन आहेत, मॉस्कोचे आणि बार्सिलोनाचे. उरलेली सहा तिने इतरांच्या बरोबरीने वल्हे मारून मिळवली, आणि ती तिची स्वतःची नाहीत असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते अथेन्सचे, 2004 चे पदक. सिडनीनंतर निवृत्त झालेली फिशर बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नावेत बसली. सोबत माइके नोलेन, कात्रिन वाग्नर आणि कारोलिन लेओनहार्ट होत्या; यांतल्या लेओनहार्टचा तर मॉस्कोच्या वेळी जन्मही झालेला नव्हता. त्या चौघींनी हंगेरीला सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्शाने, म्हणजे डोळ्याचे पाते लवायच्या आत, हरवले. इतकी पदके गाठीशी असलेल्या बाईलाही तिथे आपला ठेका बाजूला ठेवून चौघींचा एकच ठेका धरावा लागला असणार, आणि हे जोर लावण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

तू तिसऱ्या जागेवर आहेस. सुकाणू पहिलीच्या पायांशी असते आणि लयही तीच ठरवते. तुला दिसते ती फक्त दुसरीची पाठ. तिचा खांदा पुढे वळला की तुझाही वळलेला असला पाहिजे आणि चौघींची पाती एकाच क्षणी पाण्यात शिरली पाहिजेत. एक पाते जरी उशिरा पडले, तरी नाव हलकासा हिसका देते. तो तुला कमरेखाली स्पष्ट जाणवेल. मागच्या आठवड्यात तो हिसका तुझ्या बाजूने येत होता, कारण तू कमरेतून वळण्याऐवजी दंडाने पाणी ओढत होतीस.

सोमवारी सकाळी सहाला धक्क्यावर ये. पहिला अर्धा तास वेग अजिबात वाढवायचा नाही. दुसरीच्या खांद्यावर नजर ठेवून नुसती लय धरायची. मी काठावरून मोजत राहीन.

तुझे,
सर