मॉलच्या गाडीवर लागण्याआधी

सोलापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मोठ्या मॉलवाल्यांच्या गाडीवर लागायचं म्हणतोस, ऐकून बरं वाटलं. तू गाडी किती जोरात काढतोस हे तिथं कुणी विचारणार नाही. लाखोंचा माल रात्रभर तुझ्या भरवशावर सोडता येईल का, एवढंच ते बघतात. तयारी त्याचीच कर.

आधी कागद. एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचा छोटा हत्ती तू हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवतोस, ते चालतं. मालासकट एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला तेच लायसन पुरतं, हे सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये पुन्हा सांगितलंय. मोठ्या गाडीला मात्र ट्रान्सपोर्टचं लायसन लागतंच. वय २० पूर्ण हवं आणि हलक्याचं लायसन निदान वर्षभर जुनं हवं. तुझं दोन्ही बसतं. एजंट म्हणेल, शिकायची काय गरज, आरटीओच्या ट्रायलचं मी बघतो. त्याच्या नादी लागू नकोस. लायसन मिळेल, पण कंपनीच्या यार्डात गाडी तुलाच मागं घ्यायची आहे.

आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, तरी चलान, म्हणजे मालाचा कागद, वाचता न येणाऱ्याला हे लोक घेत नाहीत.

खरी परीक्षा डॉकवर, म्हणजे गोदामात माल चढवायच्या-उतरवायच्या फलाटावर होते. मोकळ्या रस्त्यावर कोणीही चालवतो. दोन कंटेनरच्या मधल्या जागेत बत्तीस फुटी गाडी रिव्हर्स घेऊन फलाटाला सरळ लावायची असते. आपण उजवीकडं बसतो, म्हणून उजवीकडं वळवत मागं घेताना गाडीची शेपूट दिसते, डावीकडं ती आंधळी होते. जमेल तिथं उजवी बाजू धर. सुरू करण्याआधी खाली उतर, मागं चालत जा, वर पत्रा-वायर आणि खाली खड्डा बघून ये. वाकडी लागतेय असं वाटलं तर पुढं घे आणि पुन्हा लाव. परीक्षा घेणारा त्याचे मार्क कापत नाही. न उतरता अंदाजानं दाबणाऱ्याला तो परत पाठवतो, आणि बरोबर करतो.

दुसरं, सील. माल भरला की दरवाजाला सील मारतात आणि त्याचा नंबर चलानवर लिहितात. सही करण्याआधी एकेक आकडा स्वतः जुळव, सुपरवायझर कितीही घाई करो. दुकानावर पोचल्यावर सील तू तोडायचं नाही. तिथल्या माणसानं नंबर बघायचा, त्यानंच तोडायचं. दुकानावर माल कमी निघाला तर तुझ्या बाजूनं बोलणारा तो एक नंबरच असतो. पोच घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नकोस.

आता पैशाचं. गाडीच्या अंगावर मॉलचं नाव असतं, पण बऱ्याचदा ठेका ट्रान्सपोर्टरचा असतो आणि तुझा मालक तोच. म्हणून सरळ विचार: नेमणूकपत्र कुणाच्या नावानं? पीएफ कापता ना? भत्ता फेरीवर की किलोमीटरवर? डॉकवर दिवस मोडला तर हॉल्टिंग, म्हणजे थांबून राहिल्याचे पैसे, मिळतं का? शॉर्टेज, म्हणजे कमी निघालेला माल, पगारातून कापता का? विचारायला लाजू नकोस. ‘आधी चालव, मग बघू’ म्हणणाऱ्याकडं राहू नकोस. लायसनची झेरॉक्स दे, मूळ प्रत कुणाकडं ठेवू नकोस.

काम बहुतेक भिवंडी किंवा चाकणच्या गोदामांतून निघेल, म्हणजे पुणे रस्ता पाठ होणार. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, सगळा रस्ता सरळ आणि सपाट. म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते. घाटात माणूस जागा राहतो, सरळ रस्त्यावर डोळा लागतो, आणि पहाटे तीन ते पाच तर हमखास. झोप आली की सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घे, ऑफिसला फोन कर, ‘अर्धा तास थांबतोय’ म्हणून सांग. त्यावर जो शिव्या देईल त्याची नोकरी सोड. दुसरी मिळते.

सुरुवातीला मोठ्या गाडीवर जोडीला बसवतो म्हणाले तर हो म्हण, पगार थोडा कमी असला तरी. जुन्या ड्रायव्हरशेजारी बसून जेवढं शिकशील तेवढं कुठलं स्कूल देत नाही.

लायसनच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठव, तारखा मी बघतो. गाडीवर ई-चलान थकलेलं असेल तर या आठवड्यात भरून टाक. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका