अमेरिकेत हायस्कूल ग्रॅज्युएशनला मुलं टोप्या सजवतात, प्रिन्सिपलच्या हातात गोट्या ठेवतात, शाळा हे चालवून कसं घेते?

तुम्ही लिहिलंय की तुमची नात येत्या जूनमध्ये न्यू जर्सीत बारावी पूर्ण करतेय, तुम्ही दोघं खास त्यासाठी पुण्याहून येणार आहात, आणि ती फोनवर जे काय सांगतेय (टोपीवर चमक्या लावणार, स्टेजवर हात मिळवताना प्रिन्सिपलच्या मुठीत काहीतरी सरकवणार) ते ऐकून तुम्हाला वाटतंय की इतक्या गंभीर प्रसंगी हा पोरकटपणा कशाला. मी याच राज्यात एकोणीस वर्षं राहतेय, दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलीचं ग्रॅज्युएशन झालं. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी अगदी हाच प्रश्न विचारला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो समारंभ डोळ्यासमोर आणा. जूनच्या शेवटच्या आठवड्यातली संध्याकाळ, शाळेचं फुटबॉलचं मैदान, मधोमध घडीच्या खुर्च्यांच्या रांगा आणि आपण सगळे बाजूच्या पायऱ्यांवर. मुलीच्या वर्गात जवळजवळ चारशे मुलं होती. वर्ग म्हणजे इथे अख्खी बॅच, तुकडी नाही. सगळ्यांचे गाऊन एकाच निळ्या रंगाचे, सगळ्यांच्या टोप्या सारख्या, बॅंड एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवतोय कारण चारशे मुलं चालत येऊन जागेवर बसेपर्यंत ती थांबवता येत नाही. मग भाषणं, मग एकेकाचं नाव, मुलगा किंवा मुलगी स्टेजवर येणार, प्रिन्सिपलशी हात मिळवणार, फोल्डर घेणार, दुसऱ्या बाजूने उतरणार. आमच्या व्हिडिओवर मी मोजलं, मुलीचे पूर्ण सहा सेकंद होते. केजीपासून बारावीपर्यंत तेरा वर्षं आणि शेवटी स्वतःचे असे सहा सेकंद आणि डोक्यावरचा एक वीतभर चौकोन, बाकी सगळं शाळेने ठरवलेलं. सगळी मस्ती त्या सहा सेकंदांत आणि त्या वीतभर चौकोनातच का साठते हे मला तिथे पायरीवर बसल्यावर कळलं, आणि कळल्यावर मी पूर्ण मुलांच्या बाजूने झाले.

टोपीचं सांगते. तिचा वरचा भाग म्हणजे सपाट चौकोनी पुठ्ठा, इंग्रजीत तिला मॉर्टरबोर्डच म्हणतात, कारण गवंडी कालवलेला मसाला ज्या फळीवर घेतात तशी ती दिसते. तो पुठ्ठा आभाळाकडे तोंड करून असतो आणि पायऱ्यांवरून बघणाऱ्या आईबापांना सगळ्यात आधी तोच दिसतो. चारशे निळ्या गाऊनमध्ये आपलं पोर शोधायचं कसं? टोपीवरून. सजावटीचा हा सरळ व्यवहारी उपयोग आहे आणि तो कोणी सांगत नाही. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका कुटुंबाचा मुलगा टोपीवर पुठ्ठ्याचा छोटा ट्रक चिकटवून आला होता, वडील ट्रक चालवतात म्हणून, आणि ते वडील दोन तास त्या ट्रकवरून नजर हलवत नव्हते. कोणी पुढच्या कॉलेजचं नाव लिहिलेलं, कोणी स्पॅनिशमध्ये आईवडिलांचे आभार मानलेले, एकीने कागदी फुलं इतकी लावली होती की मागच्याला पुढचं काही दिसत नसणार.

आमची मुलगी चारही वर्षं शाळेच्या नाटकांना पडद्यामागे काम करायची. तिथे अंधारात पाय कुठे ठेवायचा हे कळावं म्हणून स्टेजवर अंधारात चमकणाऱ्या टेपचे तुकडे लावतात, तीच टेप तिने टोपीवर लावली आणि त्या टेपने देवनागरीत एकच शब्द लिहिला: आवरलं!

हा शब्द का, ते मराठी घरात वेगळं सांगायला नको. शाळेची बस सकाळी सहा पन्नासला, आणि सहापासून माझं सुरू, आवर गं, आवरलं का, अजून नाही आवरलं? तेरा वर्षं. त्याचं उत्तर तिने टोपीवर दिलं. ती टोपी मला आदल्या आठवड्यात दाखवली तेव्हा मी स्वयंपाकघरात तशीच ओट्याला टेकून उभी राहिले, बोलताच येईना.

आता शाळेची बाजू, कारण तुमचा प्रश्न तो आहे. शाळा डोळे मिटून चालवून घेत नाही. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, काही शाळा टोपीला हातही लावू देत नाहीत, काही काहीच बोलत नाहीत, आमच्याकडे मधला मार्ग होता: सजवा, पण आधी आणून दाखवा. शिवीगाळ नको, दुसऱ्याची चेष्टा नको, काही बाहेर लोंबता कामा नये. आणि इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत काही लिहिलं असेल तर पालकांनी अर्थ लिहून सही करायची. तर मी रात्री दहा वाजता त्या फॉर्मसमोर बसलेले आणि 'आवरलं' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना, कारण तयार झाले असं म्हटलं तर अर्धाच अर्थ येतो, सगळं संपवून जागच्या जागी ठेवलं असं म्हटलं तर दुसरा अर्धा. शेवटी मी दोन्ही लिहिले आणि खाली लिहिलं की आमच्या घरात रोज सकाळी हा शब्द प्रश्न म्हणून विचारला जातो. टोपी मंजूर झाली. शाळेतल्या बाईंनी फॉर्मवर एक छोटं हृदय काढून परत पाठवलं. तो फॉर्म मी जपून ठेवलाय.

सासऱ्यांचं म्हणणं होतं की परंपरेची अशी थट्टा करू नये. पण ज्याला आपण परंपरा म्हणतो तिचं वय बघा ना. शेवटी टोप्या हवेत उडवतात ते मेरीलॅंडमधल्या अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून आलं असं सांगतात, 1912 साली. त्याआधी तिथून पास झालेल्यांना काही काळ समुद्रावर काढावा लागायचा आणि मग अधिकारीपद मिळायचं, त्या वर्षी थेट अधिकारी केलं, नव्या टोप्या मिळाल्या, जुन्या विद्यार्थ्यांच्या टोप्यांचं काम उरलं नाही म्हणून पोरांनी त्या फेकून दिल्या. म्हणजे आज जो क्षण सगळे फोटोत पकडायला धडपडतात तो मुळात वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या आनंदाचा होता, कोणी नियमात लिहिलेला नव्हता. मुलं चालत येताना बॅंड वाजवतो ती सुरावटसुद्धा एल्गार या इंग्रज संगीतकाराने 1901 मध्ये लिहिलेलं लष्करी कूच आहे. 1905 मध्ये येल विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली तेव्हा ती तिथे वाजवली आणि मग हळूहळू सगळ्या देशाने उचलली. टोपीला लटकणारा गोंडा उजवीकडून डावीकडे करणं हा त्यातल्या त्यात शिस्तीचा भाग, ते सगळे एकदम करतात, स्टेजवरून सांगितल्यावर.

आता हातात ठेवायच्या वस्तूंचं. ही खोडी बऱ्याच शाळांमध्ये चालते. अख्खी बॅच आधी ठरवते आणि प्रत्येक जण हात मिळवताना एकेक छोटी गोष्ट प्रिन्सिपलच्या हातात सरकवतो. कुठे गोट्या, कुठे एक सेंटची नाणी, कुठे गोल्फचे बॉल, कुठे चिकटवायच्या छोट्या चिठ्ठ्या. एका गोटीत काही नाही हो, पण चारशे गोट्या झाल्या की माणूस ठेवणार कुठे, गंमत ती आहे. गाऊनचे खिसे भरतात, मग खुर्चीखाली, मग कोणीतरी बादली आणतं. आमच्या मुलांनी जिगसॉ पझलचे तुकडे दिले. शाळेच्या जुन्या इमारतीचा फोटो देऊन त्यांनी पझल बनवून घेतलं होतं, वर्गणी काढून, आणि प्रत्येकाला एक तुकडा. पहिल्या तीस-चाळीस मुलांपर्यंत प्रिन्सिपलबाईंना काही उमगलं नाही, त्या नुसत्या तुकडे खिशात टाकत होत्या, मग एका तुकड्यावर त्यांना शाळेच्या दारावरचे आकडे ओळखू आले आणि त्या स्टेजवर तिथल्या तिथे थांबल्या. नंतरच्या प्रत्येक मुलाचा तुकडा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. हे पायऱ्यांवरून नीट दिसलं नव्हतं, मुलीने घरी येताना गाडीत सांगितलं. तेव्हा सासरे म्हणाले, ही तर गुरुदक्षिणा झाली. त्यांच्या तोंडून हे ऐकून मला फार बरं वाटलं.

तसं बघितलं तर आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? दहावीच्या सेंड ऑफला पेपराआधीच्या शेवटच्या दिवशी पांढऱ्या शर्टांवर स्केचपेनने सह्या, स्लॅमबुकं, आणि कॉलेजच्या गॅदरिंगला फिशपॉंड. माझ्या फिशपॉंडची ओळ मला आज तीस वर्षांनी तोंडपाठ आहे, मार्कशीटवरचे आकडे आठवत नाहीत. इथे इयरबुकमध्ये प्रत्येकाच्या फोटोखाली एक ओळ स्वतःची लिहायची असते, आणि वर्गातला सगळ्यात जास्त हसणारा कोण, सगळ्यात उशिरा येणारा कोण अशी मतदानाने नावं ठरतात, ते मला थेट फिशपॉंडच्या घरचं वाटतं. फरक इतकाच की आपण हे निरोप समारंभात उरकून घेतो आणि पदवीच्या वेळी गप्प बसतो, इथे दोन्ही एकाच संध्याकाळी होतं.

पण सगळंच गोड असतं असं मी म्हणणार नाही. मुलं गाऊनमध्ये लपवून फुगवायचे बीचबॉल आणतात आणि भाषण चालू असताना उडवतात, शिक्षक धावत येऊन जप्त करतात, इथवर ठीक आहे. पण पालक लोक एअर हॉर्न आणतात ना, त्याचा मला खरंच राग येतो. आमच्या शेजारच्या कुटुंबाने त्यांच्या मुलाचं नाव आल्यावर तो भोंगा इतका वेळ वाजवला की पुढच्या मुलीचं नाव कोणालाच ऐकू आलं नाही. तिचे आजी-आजोबा व्हीलचेअरवर आले होते, ते एकमेकांना विचारत राहिले, झालं का, आली का, तोवर ती उतरूनही गेली होती. तिचे सहा सेकंद गेले ते गेले. माझा सगळा हिशोब इथे येऊन थांबतो, स्वतःच्या सहा सेकंदांत काय वाट्टेल ते करा, दुसऱ्याचे खाऊ नका. शाळांनाही हे माहीत आहे, म्हणून कित्येक ठिकाणी स्टेजवर मिळणारा फोल्डर रिकामा असतो, खरं सर्टिफिकेट नंतर ऑफिसातून घ्यायचं, म्हणजे फार दंगा करणाऱ्याला तिथे गाठता येतं. नातीचा फोल्डर रिकामा निघाला तर घाबरू नका.

आणि एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. टोपीवर किंवा गळ्यात दिसणारं सगळंच गमतीचं नसतं. मूळ अमेरिकन जमातींच्या मुलांना घरची वडीलधारी माणसं गरुडाचं पीस देतात, ते त्यांच्यासाठी पवित्र असतं, आणि ते टोपीला लावू देत नाहीत म्हणून कितीतरी मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना भांडावं लागलं. मोंटानाने 2017 मध्ये त्यासाठी कायदा केला, कॅलिफोर्नियाने 2018 मध्ये, ओक्लाहोमात 2023 ला गव्हर्नरांनी असं विधेयक अडवलं तर विधिमंडळाने पुन्हा मतदान करून ते मंजूर करून घेतलं. शाळा जेव्हा टोपीवर काही नको असा सरसकट नियम करते तेव्हा चमक्यांबरोबर हे पीसही जातं, म्हणून तो नियम मला पटत नाही. हवाईमधून आलेली हार घालायची रीत मात्र शाळा सहसा समारंभ संपल्यावर होऊ देतात. तिथे नातेवाईक फुलांचे, चॉकलेटचे, नोटांच्या घड्या घालून केलेले हार इतके घालतात की पोराचे फक्त डोळे दिसतात. कॅलिफोर्नियातही हे भरपूर चालतं, माझ्या नणंदेच्या मुलाला तिकडे नोटांचा हार घातला होता आणि आमच्या सासूबाई म्हणाल्या, हे तर आपल्या लग्नातलंच!

आता तुमच्यासाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. तिकिटं मोजकी असतात आणि पाऊस आला तर समारंभ आत जिममध्ये होतो, तेव्हा त्याहून कमी लोकांना सोडतात, त्यामुळे पावसाची तिकिटं वेगळी मिळतात का ते नातीला आत्ताच शाळेत विचारायला सांगा. पायऱ्या लोखंडी असतात, उन्हाने तापलेल्या, बसायला काहीतरी घ्या. नातीची टोपी आदल्या दिवशी नीट बघून ठेवा, नाहीतर सापडणार नाही.

आणि नावाचं. प्रत्येक मुलाला एक कार्ड देतात, त्यावर नाव कसं उच्चारायचं ते इंग्रजी अक्षरांत लिहायचं असतं, स्टेजवर चढताना ते कार्ड नाव वाचणाऱ्याच्या हातात द्यायचं. आमच्या आडनावात ळ आहे. मुलीने कार्डावर चार प्रकारे लिहून पाहिलं, जमेना, मग ती सरळ नाव वाचणाऱ्या सरांकडे गेली आणि जीभ कुठे वळवायची ते त्यांना दाखवून आली. सरांनी आठवडाभर सराव केला असणार, कारण त्या संध्याकाळी माइकवरून तो ळ आला, थोडा जाडसर, पण ळ. अंधार पडत आला होता, ती स्टेजवर गेली आणि टोपीवरची टेप चमकायला लागली होती. टाळ्या शेवटी एकदम वाजवा अशी सूचना दिलेली असते आणि ती कोणी पाळत नाही, आम्हीही नाही. मी तयारी करून गेले होते आणि ऐन वेळी तोंडातून शब्द फुटला नाही, सासरेच उठून उभे राहिले आणि त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, आवरलं का गं? तिने खालून टोपीकडे बोट दाखवलं.

तुमच्या नातीला आवडेल असं काहीतरी आत्ताच ठरवून ठेवा. आणि लांब वाक्य नको, सहा सेकंदांत बसलं पाहिजे.