इंग्लंडच्या मिशन चर्चमध्ये कामाला येताय, तर

जय ख्रिस्त. तुम्ही विचारलंय की भायखळ्याच्या मंडळीत आठ वर्षं तरुण संघ सांभाळला, आता उत्तर इंग्लंडमधल्या एका मेथडिस्ट मिशन चर्चनं दोन वर्षांसाठी बोलावलंय, बायको आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर असेल. तर तिथं रोज नेमकं काम काय, आणि चर्च कितपत बदललंय? मीही भायखळ्याचीच. उत्तर दोन ओळींत द्यायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

फी, फॉर्म, मुदती सरकारी साइटवर आहेत, त्या मी लिहीत नाही. फक्त एक तपासा. दोन वर्षांच्या ‘रिलिजियस वर्कर’ व्हिसावर मंडळीचं पाळकपण करता येत नाही; त्याला ‘मिनिस्टर ऑफ रिलिजन’चा वेगळा व्हिसा लागतो. बोलावण्याच्या पत्रात दर रविवारी उपदेश करायचा असं लिहिलं असेल आणि व्हिसा पहिला असेल, तर आत्ताच विचारा. इथली माणसं वाईट नसतात, पण पत्र लिहिणारा आणि व्हिसाचं बघणारा बहुतेक वेळा वेगळा असतो.

कागदांत खरा छळ होतो तो नावांचा आणि पत्त्यांचा. मुलांमध्ये काम करायचं तर डीबीएस तपासणी होते, म्हणजे मागे काही गुन्हा नाही ना याची सरकारी तपासणी. तिला मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते लागतात, मध्ये एका महिन्याचीही फट चालत नाही. आपल्याकडे आधारवर चाळीचं नाव, रेशनकार्डावर खोली नंबर, बँकेत सासऱ्यांचा पत्ता. एकच पत्ता एकाच स्पेलिंगमध्ये सगळीकडे करून घ्या. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ‘सॅम्युएल’ आणि पासपोर्टवर ‘सुनील’ असा प्रकार असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र तिथूनच आणा. मुंबईचं पोलीस क्लिअरन्सही निघायच्या आधी घ्या, इथून मागवायचं म्हणजे डोक्याला ताप. आणि व्हिसासाठी लागणारी क्षयाची तपासणी शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला की थुंकीची तपासणी सांगतात, आणि तिच्या निकालाला आठ आठवडे जातात. आपल्या भागात असा डाग दिसणं काही नवलाचं नाही.

आता काम. मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली स्कॉटलंडहून मुंबईत आले, आता मुंबईची माणसं तिकडं चाललीत, ‘उलटं मिशन’ वगैरे स्वागताच्या भाषणात ऐकाल. ऐकून घ्या. दुसऱ्या दिवशी तुमच्या हातात किल्ल्यांचा जुडगा पडेल, आणि निम्मं काम तोच आहे.

इमारत दगडी, छत उंच. साडेदहाच्या उपासनेला ऊब हवी तर बॉयलर पहाटे पाचलाच लागायला हवा. टायमर शनिवारी स्वतः बघा. हॉल भाड्यानं घेणाऱ्यांपैकी कुणीतरी तो हमखास फिरवून ठेवतं. थंडीत इमारत रिकामी असली तरी हीटिंग पूर्ण बंद करायचं नाही, साधारण पाच अंशांवर ठेवायचं. पाइपात पाणी गोठलं की पाइप तडकतो, पण ते कळतं बर्फ वितळल्यावर, हॉलमध्ये पाणी झाल्यावर. म्हणून पहिल्याच आठवड्यात पाण्याचा मुख्य कॉक कुठं आहे ते विचारून एकदा हातानं फिरवून बघा. कित्येक ठिकाणी तो गंजून घट्ट बसलेला असतो आणि कुणाला पत्ताच नसतो. पन्हळी आपण मे महिन्यात साफ करतो. इथं पानगळ संपल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी. आधी केल्या तर पुन्हा भरतात, राहिल्या तर पाणी भिंतीत मुरतं आणि वेदीमागचा रंग सुटतो. शिडीवर एकट्यानं चढू नका, विमा त्याला मान्य नसतो.

आगीची घंटा दर आठवड्याला वाजवून बघायची, दर वेळी वेगळ्या बटणावरून, आणि वहीत नोंद करायची. न वापरलेले नळ आठवड्यातून एकदा दोन-चार मिनिटं सोडायचे, नाहीतर साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे आजाराचे जंतू वाढतात. वहीत नोंद नसेल तर काम झालंच नाही असं धरतात. चीड येते, पण वही त्यांचीच बरोबर असते.

चहा हा उपासनेचाच भाग समजा. उपासना तासाभरात आटोपते, माणसं खरं बोलतात ती कपबशी हातात आल्यावर. एकत्र जेवणाच्या दिवशी तुमच्या घरच्या डब्याकडे सगळ्यांचं लक्ष असेल, तेव्हा चौदा ॲलर्जींची यादी पाठ करून ठेवा: शेंगदाणे त्यात आहेत, तीळ आहेत आणि मोहरीसुद्धा आहे. म्हणजे आपली फोडणीच यादीत. डब्यावर चिठ्ठी लावा, कूट तर लपवूच नका.

दान मोजायला दोघं लागतात, नात्यातले नकोत, दोघांच्या सह्या. देणाऱ्याचा नंबर घातलेली दानाची पाकिटं सुट्या पैशांत मिसळू नका. पाकिटवाला इथं आयकर भरत असेल आणि त्यानं तसं लिहून दिलं असेल तर सरकार त्याच्या प्रत्येक पौंडामागे चर्चला २५ पेन्स देतं. नंबर हरवला की ते पैसेही गेले.

भेटी देणं आपल्याला येतं, पण इथं आधी फोन करायचा. वाटेत सहज आलो म्हणून दार वाजवलं तर म्हातारी माणसं घाबरतात. मुलांच्या बाबतीत तर आपल्या सगळ्या सवयी सोडाव्या लागतात: एकट्या मुलाबरोबर खोलीत बसायचं नाही, गाडीतून सोडायचं नाही, संडे स्कूलचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. हा अविश्वास वाटेल. मागे चर्चमध्येच मुलांवर अन्याय झाले आणि ते झाकले गेले, म्हणून हे नियम आले. ते राग न धरता पाळा.

बदल म्हणाल तर मंडळी म्हातारी आणि लहान झालीय, आसपासची चर्चं बंद होऊन एकत्र होतायत, आणि हॉलचं भाडं हेच मोठं उत्पन्न झालंय. नवी माणसं येतात ती केरळच्या नर्सेस, नायजेरिया-घानाची कुटुंबं, आश्रय मागणारे इराणी. इराण्यांपैकी कुणी बाप्तिस्म्याचं पत्र मागितलं तर स्वतः लिहून देऊ नका, पाळकसाहेबांकडे पाठवा. आश्रयाच्या खटल्यात ते पत्र कोर्टात वाचलं जातं. मे २०२१ पासून लग्नाच्या नोंदीची जाडजूड वही गेली, आता सह्यांचा एक कागद रजिस्ट्रारकडे जातो, आणि त्यावर नवरा-नवरीच्या आईचंही नाव असतं. त्याच वर्षी मेथडिस्ट कॉन्फरन्सनं, म्हणजे या चर्चच्या वार्षिक मुख्य सभेनं, समलिंगी लग्नांना वाट मोकळी केली. कुठल्याही चर्चवर वा पाळकावर सक्ती नाही. तुमचं मत काही असो, तुमच्या चर्चनं काय ठरवलंय ते येण्याआधी विचारा. अंत्यविधीला दोन-तीन आठवडे लागतात. शिवडीला दुसऱ्या दिवशी माती देणाऱ्या आपल्याला ते फार जड जातं, पण त्या मधल्या दिवसांतच घरच्यांना तुमची गरज असते.

एकटेपणा असतो. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. २५ तारखेला रेल्वे बंद असते, तेव्हा नाताळात कुणाकडे जायचं असेल तर आदल्या दिवशीच पोचा. भायखळ्याच्या कॅरल राउंडचे व्हिडिओ त्या रात्री बघू नका.

मुलीचं मात्र नीट ऐका. इयत्ता जन्मतारखेवरून ठरते. ३१ ऑगस्टला आठ पूर्ण असतील तर ‘इयर फोर’, मुंबईत ती कितवीत होती ते कुणी विचारत नाही. वर्षाच्या मध्ये आलात तर कौन्सिलकडे अर्ज, आणि जवळच्या शाळेत जागा असेलच असं नाही. आठ वर्षांपुढच्या मुलांना सहसा जवळची योग्य शाळा तीन मैलांपलीकडे असेल तरच फुकट वाहन मिळतं, तेव्हा चर्च घर कुठं देतंय ते आधी नकाशावर बघा. मेथडिस्ट चर्चचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपतं, मुंबईची शाळा जूनमध्ये भरते. करार मे महिन्यात संपवता येईल का ते सही करण्याआधीच विचारा. आणि २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, म्हणजे परतल्यावर तिला मराठी लिहावं लागणारच. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवता येतात, पण छापील आणा.

शाळेच्या फॉर्मवर एक रकाना असतो: घरी कोणती भाषा बोलता? तिथं ‘मराठी’ लिहिलं की मुलीच्या नावापुढं इंग्रजी ही अतिरिक्त भाषा अशी नोंद होते, तिचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी. काही शाळा मग तिला वेगळ्या गटात बसवतात, तेव्हा तिची जुनी प्रगतिपुस्तकं घेऊन जा, वाचन तपासायला सांगा, नाही ऐकलं तर पुन्हा जा. या भीतीपोटी मी त्या रकान्यात ‘इंग्रजी’ लिहिलं होतं. दोन-तीन वर्षांत ते खरंच झालं. तुम्ही ‘मराठी’ लिहा.