जाहिरातीतले ८० आणि हातात पडणारे ५०

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आठ वर्षांपूर्वी तुम्ही ट्रॅपसाठी, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या छर्ऱ्यांनी फोडण्याच्या खेळासाठी, बेरेटाची डीटी११ बंदूक नवी घेतली, ३० इंची नळ्यांची. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे गेले १४ महिने रेंजवर जाणं झालेलं नाही. सात महिन्यांनी मुलीच्या फीचा हप्ता आहे आणि तो बंदूक विकून भरायचा विचार आहे. खरेदीची किंमत १०० धरली तर जाहिरातींत तशाच बंदुका ७८ ते ९० ला दिसतात, म्हणून तुम्ही फीच्या तक्त्यात ८० लिहिलेत. प्रत्यक्षात एका विक्रेत्याने रोख ४५ सांगितले, तर दुसरा म्हणाला, दुकानात ठेवून ६५ ला विकून देतो, कमिशन १५ टक्के. तुम्ही विचारता: ८० धरणं चूक आहे का? आणि दोन वर्षं थांबलं तर भाव वाढेल का?

८० धरू नका, ५० धरा.

जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. ९० ची जाहिरात तुम्हाला आज दिसते, कारण ती बंदूक अजून गेलेली नाही. जी ६२ ला गेली तिची जाहिरात केव्हाच उतरली. म्हणून शक्य तिथे झालेले व्यवहार बघा. लिलावांचे निकाल त्यासाठी चांगले, पण तिथेही बोलीचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. विकणाऱ्याचं कमिशन त्यातून कापलं जातं, आणि घेणाऱ्याला वर वेगळा अधिभार द्यावा लागतो म्हणून तो बोलीच हात राखून लावतो. तुलना करताना मॉडेल, नळीची लांबी, दस्ता उजव्या हाताचा की डाव्या, हे सगळं जुळलं पाहिजे. ट्रॅपची बंदूक मुद्दाम थोडी वर मारणारी असते, कारण तिथली तबकडी वर चढत असते. स्पोर्टिंग, म्हणजे तबकड्या वेगवेगळ्या दिशांनी येतात तो खेळ, खेळणाऱ्याला तशी बंदूक सहसा नको असते. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक मुळातच मोजकं आहे.

४५ चा राग धरू नका. त्या विक्रेत्याचे पैसे कदाचित अनेक महिने अडकणार, मधला खर्च त्याचा, आणि विकल्यावर काही बिघडलं तर गिऱ्हाईक त्याच्याच दारात उभं राहणार. ६५ मधून १५ टक्के गेले की ५५.२५ उरतात. विकण्याआधीची सर्व्हिसिंग आणि तुमच्याकडून हरवलेला एक चोक (छर्ऱ्यांचा फैलाव ठरवणारा, नळीच्या तोंडाशी बसणारा तुकडा) यांत दोन-तीन जातील, घेणारा घासाघीस करेल. असे ५० उरतात.

मागे एका अशिलाबरोबर मी अशाच एका दुकानात गेले होते. वडिलांची बंदूक होती. विक्रेत्याने नक्षीकामाकडे पाहिलंसुद्धा नाही. बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली. मग पुढचा लाकडी हातधरा काढला, नळ्या पुन्हा बंद केल्या आणि दस्ता काखेत धरून हलवून पाहिल्या. बिजागरीला ढिलाई असेल तर तिथे कळते. मग वरचा खटका कुठे येऊन थांबतो ते पाहिलं. नव्या बंदुकीत तो मध्यापासून किंचित उजवीकडे थांबतो आणि झीज होत जाईल तसा मध्याकडे आणि पुढे डावीकडे सरकतो. नंतर नळ्या सोडवून एका बोटावर लटकवल्या आणि लाकडाच्या ठोकळीने टिचकी दिली. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तेव्हा त्याने मान हलवली. मधल्या पट्टीचा जोड सुटला असता तर आवाज बद्द आला असता. शेवटी नळ्या उजेडाकडे धरून आतल्या प्रकाशाच्या वलयांत कुठे पोचा किंवा गंजाचे खड्डे आहेत का ते निरखलं. पाच मिनिटांत सगळं झालं आणि किंमत ठरली. हे सगळं तुम्ही घरी आधी करून पाहा, म्हणजे समोरचा काय बोलतोय ते कळेल.

किती काडतुसं उडाली, हे विचारलं जाईलच. आठवड्याला दोन फेऱ्या, वर्षाचे साधारण ४० आठवडे असं तुम्ही लिहिलंय. एका फेरीत २५ तबकड्या, म्हणजे वर्षाला २,०००. गेले १४ महिने वगळले तर जवळपास सात वर्षांत साधारण १३,७००. दर तिसऱ्या तबकडीला दुसरी गोळी धरली तर काडतुसं १८,००० च्या आसपास. या दर्जाच्या स्पर्धेच्या बंदुकीला हे काही फार नाही. आकडा खरा सांगा आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या सोबत ठेवा. नळ्यांवर स्टील छर्ऱ्यांच्या चाचणीची लिलीच्या फुलासारखी खूण असेल तर तिचा स्पष्ट फोटो द्या. युरोपीय संघात २०२३ पासून पाणथळ जागांत शिशाचे छर्रे बंद आहेत, त्यामुळे ही खूण विचारणारे वाढलेत.

तुमचं खरं नुकसान दस्त्यात आहे, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तो तुम्ही हौसेने स्वतःच्या मापाचा करून घेतलात. दोन सेंटिमीटर कापलेला दस्ता उंच माणसाला आखूड पडतो. कापलेला तुकडा जपून ठेवला असेल तर तो बंदुकीबरोबर द्या. नसेल तर जाड रबरी पॅड लावून लांबी भरून काढता येते, पण घेणारा तो खर्च तुमच्याच किमतीतून वजा करणार. पदकांचं मात्र त्याला काही देणंघेणं नाही. ती तुमच्याकडेच राहू देत.

आता थांबण्याबद्दल. नव्या बंदुकांचे भाव चढले की जुन्यांचेही थोडे वर सरकतात, पण तोवर बाकी सगळंच महागलेलं असतं, फीसुद्धा. वर दोन वर्षांचा विमा, परवान्याचा खर्च, आणि कंपनीची नवी मॉडेलं येत राहतात, त्यांच्यापुढे तुमचं मागच्या पिढीचं ठरतं. भावासाठी थांबू नका. खांद्यासाठी थांबायचं असेल तर ती वेगळी गोष्ट, आणि तिला माझी हरकत नाही. आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: मी पुन्हा नेम धरू शकेन का? ते हो म्हणाले तर बंदूक ठेवा, पण मग फीच्या तक्त्यात तिच्यापुढे शून्य लिहा. कमी धक्क्याची सेमी-ऑटो, म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या वायूवर चालून पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक, बदल्यात घ्यायचा मोह होईल. तेव्हा 'जुनीचे किती देता' हे विचारू नका, 'वर किती भरायचे' तेवढंच विचारा. जुनीला चढा भाव दाखवून नवीवरची सूट गिळणं सोपं असतं.

विकायचीच ठरली तर या आठवड्यात कमिशनवाल्याकडे ठेवा, मुदत तीन महिन्यांची लेखी घ्या आणि कमीत कमी कितीला द्यायची तेही त्यात लिहून घ्या. मी ६० लिहीन. बंदूक परवानाधारकाच्याच हातात, तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे हस्तांतराची नोंद होऊनच जाऊ द्या. पैसे आले तरी नोंदीआधी ताबा देऊ नका. तीन महिन्यांत गेली नाही तर ४५ वाल्याला पुन्हा भेटा. तो तेव्हा ४३ म्हणाला तरी तुमच्या हातात चार महिने शिल्लक असतील.

आणि ८० व ५० मधले ३० याच महिन्यापासून बाजूला टाकायला लागा. सात महिन्यांत भागले तर महिन्याला सव्वाचारच्या आसपास येतात. तुम्ही पाठवलेल्या खर्चाच्या यादीत रेंजची वर्गणी आणि काडतुसांसाठीची महिन्याची रक्कम अजून तशीच आहे, १४ महिने गेला नाहीत तरीही. सुरुवात तिथून करा.