‘कोणता घ्यावा?’ एवढंच विचारायला आले होते

समुपदेशनासाठी माझ्याकडे आले होते आई-बाबा आणि तेरा वर्षांचा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) बाबांनी बसल्या बसल्या सुरुवात केली, “मॅडम, गेमिंगचा कॉम्प्युटर घेतला तर हा त्यातच बुडणार. साधा घेतला तर तोंड फुगवून बसणार. आणि यानं जी यादी आणलीय ती आमच्या बजेटच्या दुप्पट!”

मुलगा गप्प. यादी मागितली तेव्हा त्यानं खिशातून वहीचं घडी घातलेलं पान काढलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, खोडून खोडून कागद विरलेला. ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे गेमची चित्रं स्क्रीनवर आणणाऱ्या सुट्या भागाच्या, ओळीत तीन नावं खोडली होती आणि दर वेळी जरा स्वस्तातलं लिहिलं होतं. ते पान पाहिलं आणि निम्मी काळजी तिथंच संपली, माझी तरी. हट्टी मूल असा हिशेब करत बसत नाही.

“खेळतोस काय?”

“माइनक्राफ्ट. मित्रांबरोबर व्हॅलोरंट.”

हे दोन्ही गेम वेगळ्या कार्डाशिवायही चालतात, एवढं भाच्याच्या कृपेनं मला ठाऊक होतं. मग एवढं मोठं कार्ड कशाला? बराच वेळ थांबून तो म्हणाला, “सगळे विचारतात, तुझ्याकडे कुठलं कार्ड आहे?”

आईनं त्याच्याकडे वळून पाहिलं. हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

व्यसनाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, २०२२ पासून ती यादी लागूही आहे. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटलेला असावा लागतो, बाकी सगळं मागे पडून, नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहावा लागतो, आणि हे साधारण वर्षभर. हा मुलगा वेळेवर झोपत होता, संध्याकाळी पोहायला जात होता. मशीन हॉलमध्ये ठेवा, एवढंच मी सुचवलं.

रक्कम बाबांनी ठरवावी आणि तेवढ्यात बसवायचं मुलानं, असं ठरलं. पुढच्या भेटीत नवं पान आलं. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, म्हणजे ग्राफिक्सचं काम प्रोसेसरमध्येच, वेगळं कार्ड नको. रॅम १६ जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. का, तर हे ग्राफिक्स रॅममधलीच जागा वापरतं, दोन पट्ट्या लावल्या की वेग वाढतो. साठवणीसाठी हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी. कार्डासमोर ‘नंतर’.

बाबांनी पॉवर सप्लायवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, बोट ठेवलं, “हा एवढा महाग कशाला? साधा चालेल की.”

“नाही बाबा. तो जळाला तर बाकीचं पण घेऊन जाईल. आणि नंतर कार्ड लावायचंय ना?”

बाबा माझ्याकडे बघून हसले. त्या खोलीत पहिल्यांदाच.

आठ-नऊ महिन्यांनी बाबांचा फोन आला. मुलानं साठवलेल्या पैशांत थोडी भर घालून कार्ड आणलं होतं. बसवलं, सुरू केलं, तर पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळी. दोघं दोन तास जमिनीवर बसून होते. शेवटी बाबांनीच मागं डोकावून पाहिलं: मॉनिटरची केबल अजून जुन्याच जागी, मदरबोर्डलाच होती, नव्या कार्डाला लावलीच नव्हती.

“मला म्हणाला, बाबा, हे माझ्या मित्रांना सांगू नका हं,” ते म्हणाले. “तुम्हाला सांगितलं तर चालेल, हे मात्र विचारून घेतलंय.”